किवी दगडासारखी, सफरचंद मेणाचं: परदेशी फळ गोव्यात विकायचं तरी कसं?

म्हापशेकर (शुक्रवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक. आज नड आहे म्हणून लिहितोय.

आमचं घर म्हापशाचं. काकांचा फळांचा घाऊक धंदा, सगळा माल बेळगाव-कोल्हापूरकडचा: केळी, पपई, कलिंगड, मोसंबी. गेल्या दसऱ्यापासून मी त्याला परदेशी मालाची जोड दिली. वाशीचा एक आयातदार आहे, त्याच्याकडून सफरचंद, पेअर, किवी आणि हंगामात इजिप्तची संत्री उचलतो. म्हापसा, पर्वरी, पणजी मिळून चोवीस दुकानं आणि किनाऱ्यावरची पाच हॉटेलं.

सफरचंदाचं कसंबसं चाललंय. किवीने मात्र रडवलं.

जुलैत आयातदाराने प्रचाराचं सामान पाठवलं. हिरवे एप्रन, टोप्या, टेबलावर घालायचं कापड, पत्रकांचे गठ्ठे. सगळं इंग्रजी आणि हिंदीत. पर्वरीच्या एका मोठ्या दुकानात शनिवारी संध्याकाळी टेबल मांडलं. एक मुलगी चकत्या कापून काडीला लावून देत होती. गर्दी बरी होती, लोक दोन-दोनदा येऊन खात होते. त्या एका संध्याकाळी नऊ ट्रे गेले. घरी येऊन बायकोला म्हटलं, जमलं बघ.

मंगळवारपासून दुकानदाराचे फोन सुरू. लोक किवी परत आणताहेत. एका गृहस्थाने काउंटरवर आपटून दाखवली, टक्क आवाज आला म्हणे. वर विचारलं, "चाखायला वेगळी आणि पिशवीत वेगळी, ही कुठली रीत?"

आता खरं सांगायचं तर वेगळीच होती. चाखायची आम्ही चार दिवस आधी घरी पिकवून नेली होती. विकायची कोल्ड स्टोरेजमधून उचलून थेट फळीवर. माझ्या डोक्यातच आलं नाही.

यंदा (२०२५) चतुर्थी २७ ऑगस्टला. त्याआधी सफरचंदाचा मोठा लॉट घे म्हणून आयातदार मागे लागलाय, आणि 'किवीची स्कीम' आहेच. या धंद्यात असलेल्यांनी, निदान फळं विकत घेणाऱ्यांनी तरी, दोन शब्द सांगा. कुठला काउंट घेऊ? किवी सोडून देऊ का?

वाशीचा_गाळेवाला (शुक्रवार, रात्री ११.५५)

किवी सोडू नका. आधी सफरचंदाचं बोलू, कारण पैसे तिथे अडकणार आहेत.

मी वाशीच्या फळबाजारात एकोणीस वर्षं काढली, आता निवृत्त. तुमचा आयातदार मोठा लॉट का गळ्यात घालतोय ते समजून घ्या. चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये हजाराच्या वर पेट्या बसतात, म्हणजे वीस टनांच्या आसपास माल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून न्हावा शेव्याला यायला महिना-दीड महिना. त्याने ऑर्डर दिली तेव्हाचा भाव वेगळा, माल उतरतो तेव्हाचा वेगळा. एकदा उतरला की कोल्डचं भाडं सुरू. म्हणून तो चतुर्थीच्या तोंडावर तुम्हाला, नागपूरच्याला, हैदराबादच्याला, सगळ्यांना एकच गाणं ऐकवतो.

दुसरं, जकात. परदेशी सफरचंदावर मूळ पन्नास टक्के. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या मालावर आणखी वीस टक्के चढले, ते उतरले सप्टेंबर २०२३ मध्ये. या चार वर्षांत वॉशिंग्टनचं सफरचंद गाळ्यांवरून जवळजवळ दिसेनासं झालं. गिऱ्हाईक काही थांबलं नाही. त्या जागी तुर्कस्तान आलं, इराण आलं, इटली, चिली आले. चीन २०१७ मध्येच किडीच्या कारणावरून बंद झाला होता, तेव्हाही असंच झालं. यंदा मे महिन्यात पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद उचलायचं नाही असं ठरवलं. तिथेही आठवड्याभरात फळीवर दुसरा माल लागला. एक सरला की दुसरा त्या जागेवर बसतो. जागा मिळवायला वर्षं जातात, घालवायला एक हंगाम पुरतो.

मे २०२३ पासून पन्नास रुपये किलो किंवा त्याखालच्या आयात किमतीच्या सफरचंदाला बंदी आहे, भूतान सोडून. ती आणली स्वस्त इराणी मालाने काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांचं कंबरडं मोडत होतं म्हणून. त्यामुळे फार स्वस्त 'इम्पोर्टेड' कुणी देत असेल तर आधी पेटी उघडून बघा.

आता काउंट. अठरा किलोच्या पेटीत किती नग, तो काउंट. ८८ म्हणजे मोठं फळ, १३८ म्हणजे लहान. नवीन माणूस मोठ्या फळावर भाळतो. गोव्यात चतुर्थीला लोक नगावर घेतात, किलोवर नाही. पाच फळांत एक सफरचंद. मोठं फळ घेतलंत तर त्या एका नगाची किंमत ऐकून बाई पुढच्या गाड्यावर जाते. ११३ ते १३८ बघा. ८८ फक्त भेटीच्या टोपल्यांना.

डिचोलीची_बाय (शनिवार, सकाळी ७.२०)

मी विकत घेणारी, तेव्हा माझंही ऐका.

म्हापशेकरबाब, चतुर्थीला सफरचंद घ्यायला आम्ही येतो तेव्हा रंग, भाव वगैरे नंतर. आधी बघतो ते देठ. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायचं असतं ना! नारळ, सुपारीचं शिपटें, आंबाडे, तोरिंग, चिबूड, कवंडळ, सगळं कसं दोरीला, देठाला धरून लटकवतात. बिनदेठाचं सफरचंद बांधायचं म्हणजे जाळी करा नाहीतर सुतळीचा क्रॉस घाला, आणि तो गणपतीच्या डोक्यावर आरतीच्या वेळी सुटायचा. आमच्याकडे एकदा सुटला. माझ्या दिराच्या टाळांवर आपटला. तेव्हापासून सासूबाई स्वतः बाजारात येऊन एकेक फळ उलटून देठ ओढून बघतात.

मागच्या वर्षी एका दुकानात सुंदर, चकचकीत सफरचंदं होती. एकालाही धड देठ नाही. कोणी घेतली नाहीत. दुकानदार बिचारा म्हणत होता, "एवढा चांगला माल, लोकांना कळत नाही."

आणि किवी? माझ्या मुलाने एकदा खाऊन थुंकली. पन्नासच्या आसपास एक नग, आणि चव आंबाड्याची. आंबाडा तर परसात फुकट आहे.

म्हापशेकर (शनिवार, सकाळी ८.०५)

देठ!! बाय, दहा महिने धंदा करतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं. आयातदाराच्या रेटकार्डावर काउंट असतो, ग्रेड असते, लाली किती टक्के तेही असतं. देठाचा रकाना नाही.

वाशीचा_गाळेवाला (शनिवार, सकाळी ९.३०)

रकाना नसतो पण जात बघून कळतं. काही जातींचे देठ तोडणीच्या वेळीच कात्रीने छाटतात, पेटीत शेजारच्या फळाला टोचून डाग पडू नये म्हणून. गाला, फुजीत असे छाटलेले बरेच सापडतात. लाल डिलिशियसला सहसा देठ असतो. चतुर्थीसाठी तेच मागा आणि लॉट घ्यायच्या आधी चार पेट्या फोडून व्हिडिओ पाठवायला सांगा.

गंमत अशी की लाल डिलिशियसला खुद्द अमेरिकेत आता फारसं कोणी विचारत नाही. २०१८ च्या सुमारास गालाने त्याला उत्पादनात मागे टाकलं. तिथल्या लोकांना ते पिठूळ लागतं. आपल्याकडे मात्र सफरचंद म्हणजे लालभडक, खाली पाच उंचवटे असलेलं. वॉशिंग्टनवाल्यांनी हे ओळखलं. त्यांचं अ‍ॅपल कमिशन १९३७ पासूनचं, शेतकऱ्यांच्या पेटीमागच्या वर्गणीवर चालतं, आणि २००३ नंतर ते प्रचार करतं तो फक्त बाहेरदेशांत. घरी उठाव नसलेला माल जिथे देवापुढे ठेवतात तिथे नेऊन विकायचा, याला धंदा म्हणतात.

परसातला_पेर (शनिवार, दुपारी १.१०)

चर्चा छान. पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. गोव्यात हे हवं कशाला? माटोळी म्हणजे त्या ऋतूत रानात आणि परसात जे पिकतं ते. कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत लोक शेकडो रानवस्तू गोळा करून बांधतात, त्यात स्टिकर लावलेलं सफरचंद म्हणजे थट्टा आहे. मानकुराद आंबा आहे, मयड्याची केळी आहेत, करवंदं, जांभळं, जाम, फणस. मयड्याच्या केळ्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, मानकुरादला २०२३ मध्ये मिळालं. त्यांचा प्रचार करायला कोणी एप्रन घालून उभं राहत नाही.

वास्कोचा_रिकामटेकडा (शनिवार, दुपारी १.२५)

पेरबाब, तुमचं टोपणनावच परदेशी आहे :) आपण ज्याला पेर म्हणतो तो पेरू अमेरिका खंडातून आला, आणि नाव आलं पोर्तुगीज 'पेरा'वरून, म्हणजे नासपती! अननस, पपई, काजू, मिरची, सगळे त्याच बोटीने. चारशे वर्षांनी किवीही परसातली होईल, धीर धरा.

पेरावरून आठवलं. माझ्या आजीला एकदा फोनवर म्हटलं, "येताना पेअर आणतो." ती म्हणाली, "पेर? बाजारातून? भाटात पडून कुजताहेत ते कोण खाणार?"

वाशीचा_गाळेवाला (शनिवार, दुपारी २.४०)

आणि देशी म्हणून जे हिमाचलचं सफरचंद आपण मिरवतो, त्याची डिलिशियसची कलमं सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमारास कोटगढला लावली. पुढे तो तिथलाच झाला, हिंदू होऊन सत्यानंद नाव घेतलं, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. तेव्हा काश्मिरी-अमेरिकन हा वाद गाळ्यावर कोणी घालत नाही. तिथे विचारतात, आज कोल्डमधून काय निघालं?

परसातला_पेर (शनिवार, दुपारी ३.००)

इतिहास मलाही ठाऊक आहे. रुजलेलं झाड आणि बोटीतून आलेली पेटी यात फरक आहे. असो. मुद्दा सोडत नाही, पण धागा भरकटवत नाही.

तौरंगाचा_बार्देशकार (शनिवार, संध्याकाळी ६.१५)

किवीबद्दल मी बोलू शकतो. गेली सहा वर्षं न्यूझीलंडमध्ये, 'ते पुके' नावाच्या गावाजवळ एका पॅकहाउसमध्ये कामाला आहे. किवीची पंढरी म्हणाल तर हीच.

पहिली गोष्ट, हे फळ मूळचं इथलंही नाही. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर नावाची शिक्षिका चीनहून बिया घेऊन आली. कित्येक वर्षं याला 'चायनीज गूजबेरी'च म्हणत. अमेरिकेत विकायला ते नाव अडचणीचं वाटलं म्हणून १९५९ मध्ये टर्नर्स अँड ग्रोअर्स या ऑकलंडच्या कंपनीने त्याला किवीफ्रूट म्हटलं. फळ तेच, साल तीच. बारसं बाजारासाठी झालं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. ऐंशीच्या दशकात लागवड बेसुमार वाढली, निर्यातदार एकमेकांचे भाव पाडत बसले आणि शेतकरी बुडाले. त्यातून धडा घेऊन इथे कायद्यानेच ठरलं की ऑस्ट्रेलिया सोडून बाकी देशांत किवी एकाच दारातून जाईल. १९९९ चा कायदा, आणि ते दार म्हणजे झेस्प्री. म्हणजे दोन न्यूझीलंडवाले मुंबईत येऊन एकमेकांच्या खाली भाव बोलत नाहीत.

पण मला इथे खरं भावलं ते वेगळंच. शेतकऱ्याला पैसे नुसत्या वजनावर मिळत नाहीत. तोडणीच्या आधी बागेतून फळं नेऊन वाळवतात आणि पाणी काढल्यावर मागे किती सुकं वजन उरतं ते मोजतात. सुकं वजन जास्त म्हणजे पिकल्यावर गोडी जास्त. त्यावर शेतकऱ्याला वरचे पैसे. चवीचे रोख पैसे! आमच्या शेजारच्या बागवाल्याने भरघोस पीक दिसत असताना कोवळी फळं विरळ करून खाली टाकली तेव्हा मला वेड लागायची पाळी आली होती. तो म्हणाला, वजनात गेलं ते चवीत येईल.

आता तुमच्या टक्क आवाजाचं. हिरवी किवी झाडावर पिकू देतच नाहीत. गोडीचा आकडा ६.२ ला पोचला की तोडायला मुभा. तेव्हा ती दगडच असते, आणि शून्य अंशाला कित्येक महिने दगडच राहते. म्हणून तर बोटीतून जगभर जाते. पण पुढे कोणीतरी तिला पिकवायला हवं. जपानात, युरोपात ते काम बरंचसं घाऊक व्यापाऱ्याच्या पिकवणी खोलीत होतं. तुमच्या साखळीत ते काम कोणाच्याच अंगावर दिसत नाही. इथून निघालेल्या फळात काही दोष नव्हता. शेवटचे पाच दिवस तेवढे कोणी केले नाहीत.

सोनेरी किवी जमल्यास घ्या. २०१० मध्ये 'पीएसए' नावाचा जिवाणूचा रोग आला, सोनेरीच्या जुन्या जातीच्या बागा उखडाव्या लागल्या, त्यानंतर आलेली नवी सोनेरी जात रोगाला टिकते आणि जास्त गोड आहे. आंबाड्याची तक्रार करणाऱ्या बायना ती चालेल. महाग आहे, ते मात्र खरं.

डिचोलीची_बाय (शनिवार, संध्याकाळी ६.५०)

चवीचे पैसे देतात हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे वजनाचेसुद्धा वेळेवर देत नाहीत.

तपासनीस (शनिवार, रात्री ९.१०)

अन्नतंत्रज्ञानात काम करतो, म्हणून शीर्षकातल्या मेणाबद्दल.

सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतं. पॅकिंगच्या वेळी धुताना ते बरंचसं जातं आणि फळ सुकायला लागतं, म्हणून वरून खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर देतात: कार्नोबा हे ताडासारख्या झाडाच्या पानांचं, शेलॅक म्हणजे आपली लाख, किंवा मधमाशीचं. हे आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही चालतं. सुरीने खरवडून पांढरी पूड दाखवणारे व्हिडिओ याचेच असतात. तुमच्या दुकानदाराला त्यावर बोलता आलं पाहिजे, कारण प्रत्येक सफरचंदाच्या ढिगापाशी एक तरी माणूस नखाने खरवडतोच.

स्टिकरवरचा आकडा म्हणजे बिलिंगचा कोड. ४०३० हिरवी किवी, ४०११ केळं, ४०१६ मोठं लाल डिलिशियस. पुढे ९ लागून पाच आकडी झाला तर सेंद्रिय. '८ ने सुरू म्हणजे जनुकीय बदल केलेलं' हे जे फॉरवर्ड फिरतं, तसा आकडा दुकानात वापरात आलाच नाही. स्टिकर म्हणजे दर्जाची हमीही नव्हे. स्थानिक फळांवर कोणीही छापील स्टिकर लावतं, २०१८ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) त्यावर सूचनाही काढली होती.

पिकवण्याचं: किवी आणि सफरचंद कोल्डमध्ये एकत्र ठेवू नका. सफरचंद इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतं आणि किवीला त्याचा कणभरही वास पुरतो, कोल्डमध्येच मऊ पडते. तेच इथिलीन पिकवताना मात्र कामाचं. अठरा-वीस अंशांची बंद खोली, एक-दोन पेट्या पिकलेली केळी किंवा सफरचंदं शेजारी, चार-पाच दिवस. कार्बाइडच्या वाटेला जाऊ नका, त्यावर बंदी आहे. गोव्याच्या ऑगस्टमध्ये उघड्यावर ठेवाल तर बाहेरून सुरकुतते आणि आत कच्ची राहते.

कांदोळीचा_आचारी (रविवार, पहाटे १२.३५)

आत्ता ड्यूटी संपली. हॉटेलांचं मी सांगतो, थोडक्यात.

आम्हाला देशाचं काही पडलेलं नाही. बुफेच्या थाळीत चकत्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत, म्हणून आकार एक हवा. किवी जरा कडकच हवी, मऊ झाली की चकती तुटते. म्हणजे तुमचा तो 'दगड' दोन दिवस ठेवून आम्हाला द्या, पिकलेली दुकानात. एकाच मालाला दोन गिऱ्हाइकं आहेत तुमची.

सकाळी साडेसहाच्या आत गाडी आली तर माल घेतो, साडेसातला आली तर परत. आणि उधारी. साठ दिवस बोलतात, नव्वद होतात. माझ्या आधीच्या हॉटेलात एका फळवाल्याचे सीझनचे पैसे पावसाळ्यात मिळाले, तेही कापून. पाच हॉटेलं म्हणून खूश होऊ नका.

वास्कोचा_रिकामटेकडा (रविवार, सकाळी १०.००)

प्रश्न: वाशीहून माल येतो कसा? कारण मागे एकदा पत्रादेवीला एक टेम्पो बघितला होता, ताडपत्री बांधलेला, वर पाऊस, आत पेट्या, पेट्यांवर ड्रायव्हरची लुंगी वाळत घातलेली.

म्हापशेकर (रविवार, सकाळी ११.१५)

लुंगी सोडून बाकी आमचाच असावा :(

मोठी रीफर गाडी माझ्या मालाला परवडत नाही. कोल्हापूरपर्यंत दुसऱ्याच्या रीफरमध्ये, तिथून आंबोलीमार्गे टेम्पोत. थंड पेटी दमट हवेत आली की घामेजते. पुठ्ठा मऊ होतो, खालची पेटी बसते, वरचं फळ दागी होतं. परवा खालच्या थरातल्या अकरा पेट्या उघडल्या तर तळाचे नग काळपटलेले. आयातदार म्हणतो माल चोख दिला, टेम्पोवाला म्हणतो पेटी मी फोडली का. घट माझ्या अंगावर.

वाशीचा_गाळेवाला (रविवार, दुपारी १२.३०)

टेम्पोत भरायच्या आधी रात्रभर पेट्या दहा-बारा अंशांच्या खोलीत ठेवा, मग घाम कमी सुटतो. थराथरात फळी घाला. आणि लॉट कमी घ्या, दोनदा घ्या. चतुर्थी संपली की दुसऱ्या दिवशी सफरचंदाला कुत्रं विचारत नाही, शिवाय सप्टेंबरात काश्मीरचा माल सुरू होतो. तेव्हा परदेशी पेटी घेऊन बसलात तर बसूनच राहाल. आयात माल विकायचे दिवस म्हणजे देशी माल नसतो ते. एप्रिल ते जुलै तुमचा, ऑगस्ट अर्धा तुमचा.

परसातला_पेर (रविवार, दुपारी ४.४५)

बार्देशकारांची पोस्ट परत वाचली. एक कबूल करतो. चवीवर पैसे देण्याची पद्धत आपल्या मानकुरादला हवी. आज हंगामाच्या सुरुवातीला डझनाला हजारांनी भाव मिळतो तो फक्त लवकर आल्याचा. मग लोक कोवळे उतरवतात. जीआयचा शिक्का आहे, पण आत आंबा आंबट निघाला तर गिऱ्हाइकाने कोणाकडे जायचं? २०१४ मध्ये युरोपने फळमाशीमुळे भारतीय आंबा बंद केला तेव्हा सगळे हापूसवाले एकत्र रडले. माशी काहींच्या पेट्यांत सापडली, दार सगळ्यांचं लागलं. पुढच्या वर्षी उघडलं ते उष्ण पाण्याची, वाफेची प्रक्रिया नीट बसवल्यावर.

किवी तरीही खाणार नाही.

तौरंगाचा_बार्देशकार (रविवार, संध्याकाळी ५.२०)

पेरबाब, मानकुराद इथे आणायची माझी तर फार इच्छा. पण साल पातळ, रस जास्त, टिकतो चार दिवस. तो बोटीचा आंबाच नव्हे. आईला सांगून साठं मागवतो, त्यावर भागवतो.

म्हापशेकर (३ सप्टेंबर, रात्री ११.००)

उशिरा येतोय, क्षमस्व. चतुर्थीत झोपच नव्हती.

हिशोब सांगतो. सफरचंदाचा लॉट आयातदार म्हणत होता त्याच्या निम्माच घेतला, दोन खेपांत. चिलीचं लाल डिलिशियस, देठासकट, १२५ काउंट. दुकानदारांना पाटी दिली: "माटोळीक बांधपाक देंठ आसा". पणजीच्या एका दुकानात लोक पाटीचे फोटो काढत होते. चतुर्थीच्या आदल्या रात्री सात पेट्या शिल्लक होत्या, त्या काकांनी सकाळी नऊपर्यंत गाड्यावर काढल्या.

किवीसाठी काकांच्या केळ्यांच्या खोलीचा एक कोपरा मागून घेतला. दुकानात दोन टोपल्या: "आयज खावपाक" आणि "आयतारा खावपाक". चाखायला चकत्या बंद. अर्धी कापून चमचा हातात. पर्वरीच्या त्याच दुकानात पंधरवड्यात सात ट्रे गेले. नऊ एका संध्याकाळी गेले होते त्यापुढे काहीच नाही, पण परत आले ते एकूण चार नग. टक्कवाले गृहस्थ परत आले, त्यांनी दोन्ही टोपल्यांतल्या दाबून बघितल्या आणि सोनेरी कधी येणार ते विचारून गेले. घेतली मात्र नाही.

हॉटेलांपैकी दोन सोडली.

आणि एक गोष्ट राहिली. म्हापशाच्या बाजारात केळीवाल्यांच्या रांगेत एक म्हातारी बसते, काकांकडूनच माल घेते. अधूनमधून माझ्याकडून किवीचा एखादा ट्रे न्यायची. मला वाटायचं, ही कोणाला विकणार. शुक्रवारी सहज तिच्यापाशी थांबलो. तिने केळ्यांच्या फण्यांखालची बुट्टी ओढली, गोणपाट वर केलं, आत वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेली किवी. सगळ्या पिकलेल्या. विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, "शिकोवपाचें कितें? कच्चें दिल्यार गिरायक फाल्यां झगडूंक येता."

वर माझ्या टोपल्यांचा भाव विचारला आणि सांगितलं की तिच्यापेक्षा पाच रुपये जास्त आहे. पुढच्या मंगळवारी तिला दोन ट्रे पाठवतोय.

डिचोलीची_बाय (४ सप्टेंबर, सकाळी ६.४०)

ती बाजारात नेमकी कुठल्या बाजूला बसते? मी उद्या म्हापशाला येतेय.